कपाळावरचा रंग

मोरीत तांब्या खणकन कलंडला आणि यामिनीच्या हातातली खरवडायची पत्ती जागीच थांबली. सई उठली होती.

एरवी हा आवाज दाराबाहेर आलाच नसता. पण पहाटेच लाईट गेलेली. कामतघर वस्तीतले कापडाचे लूम बंद पडले की कानात दडे बसल्यासारखं होतं.

दारापुढे त्यांचा जुना ट्रक उभा होता. दुपारी पेंटर येणार, म्हणून नवरा-बायको उजाडताच कामाला लागलेले. अनंता उकिडवा बसून बंपरवरची स्टीलची पट्टी घासून चमकवत होता. यामिनी स्टुलावर चढून केबिनच्या कपाळावरचा रंग काढत होती. ते काम तिने स्वतःहून मागून घेतलं होतं.

कपाळावर लेकराचं नाव लिहायची त्यांची रीत. आता सईचं होतं, त्याआधी थोरल्या मैनाचं. मैना तापात गेली तेव्हा सई पोटात होती. हिच्यासमोर ते नाव घ्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं आणि अनंताने एकट्याने कपाळ रंगवून टाकलं. सई मात्र आता वाचायला शिकली होती. बिस्किटाचा पुडा म्हणू नका, रिक्षाची पाठ म्हणू नका, दिसेल ते वाचत सुटायची.

आणि आत्ता पत्तीखालून फुगलेला रंग पापुद्र्यासारखा सुटून आला. खाली पिवळं नाव, दोन्ही मात्रांसकट.

जुना रंग न काढता वर नवा मारला की तो फुगणारच, हे अनंता साऱ्या ड्रायव्हरांना ऐकवायचा. आधी पत्रा उघडा करा, मग ब्रश उचला. आणि स्वतःच्याच गाडीवर हे कच्चं काम?

"तुम्ही हे खरवडलंच नव्हतंत?"

पट्टीवरचं फडकं थांबलं. "हात न्हाय चालला गं."

आत चपला वाजल्या. अनंता धडपडत उठला, त्याने फडकं अक्षरांवर धरलं आणि बाकीचं लवकर काढ म्हणून तिला खुणावलं. यामिनीने पत्ती मात्रेवर टेकवली. तिच्याने ती दाबवली नाही. मग तिने त्याचं मनगट धरून फडकं खाली घेतलं. त्यानेही जोर केला नाही.

सई ओल्या तोंडानेच बाहेर आली. मान वर करून तिने हवेत बोट फिरवत वाचलं, "मै... ना."

मग ती ट्रकच्या चहूबाजूंनी पाखराचं चित्र शोधत फिरली. बंपरखालीही वाकून पाहिलं.

"आई, मैना उडून कुठं गेली गं?"