चेटूकशाळेचा वयस्कर विद्यार्थी

"मोहनजी, संतरा है, काटेगा नहीं आपको!"

शिखामॅडम असं म्हणाल्या आणि अख्खा वर्ग खो खो हसला. मोहनराव दिघ्यांच्या एका हातात संत्रं, दुसऱ्यात केसाएवढी सुई आणि कपाळावर घाम. वीजमंडळात जन्म काढलेला माणूस हा! बिलं घेऊन लोक अंगावर धावून यायचे, तरी कधी पापणी लवली नाही. आणि आता एका संत्र्यापुढे हात लटपटतोय. शेवटी डोळे मिटून त्यांनी सुई खुपसली. रस उडाला तो थेट मॅडमच्या पांढऱ्या कोटावर.

शहरातल्या पलासिया भागात बँक आणि कोचिंग क्लासच्या मधून एक अरुंद जिना वर जातो. त्या जिन्याच्या टोकाला ही अ‍ॅक्युपंक्चरची शाळा. साठी उलटल्यावर मोहनरावांना हे काय सुचलं म्हणाल, तर कारण त्यांची बायको, वसुधा. त्यांच्या सुदामा नगरातल्या पोरांना ती वर्षानुवर्षं ओट्यावर बसवून स्वतः रचलेल्या चेटूकशाळेच्या गोष्टी सांगायची. पोरं मोठी होऊन पांगली, मग नवऱ्याला सांगू लागली. गेल्या दिवाळीनंतर तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. समजतं सगळं, पण शब्द फुटत नाही. घर खायला उठायचं. "अहो" एवढी एक हाक तिने मारली असती, तरी मोहनरावांचं सोनं झालं असतं.

त्या संध्याकाळी ते तिच्या पलंगापाशी बसले.

"वसू, अगदी तुझीच शाळा आहे बघ. जिना असा, की माहीत असलेल्यालाच सापडेल. तुझ्याकडे काळे झगे, आमच्याकडे पांढरे कोट. वाळक्या पाल्याची कांडी पेटवतात, अख्खा मजला खोकतो. काचेच्या पेल्यात जाळ फिरवून पाठीवर उपडा घालतात, तो चिकटूनच बसतो! काढला की ही जांभळी पुरी! आणि एक रबरी माणूस आहे, अंगभर ठिपके. गुडघ्याखालच्या ठिपक्याचं नाव म्हणे 'तीन मैल'. तिथे टोचलं की थकलेला माणूस आणखी तीन मैल चालतो. मी टोचून घेतलं, वसू. घरी ऑटोनेच आलो."

वसुधा अर्ध्या ओठात हसली.

"तुझ्या शाळेत नापास झाला त्याचा पोपट होतो ना? आमच्यात त्याला रिसेप्शनवर बसवतात."

आणि मग ते मुद्दाम चुकले. "तेवढ्यात तुझी ती हेडबाई, ढगाबाई, झाडूवर बसून आली..."

पूर्वी एवढ्यावर भडका उडायचा. "झाडू नाही हो, सूप! सुपावर बसते ती! कितीदा सांगायचं?" आता वसुधाचे डोळे चमकले, ओठ थरथरले. मोहनराव श्वास धरून बसले. काही आलं नाही. तिने मान भिंतीकडे वळवली, आणि त्यांना स्वतःचाच राग आला. पण आशा वेडी असते. दुसऱ्या दिवशीही त्यांनी ढगाबाईला झाडूवरच बसवलं.

महिने गेले. मोहनरावांचा हात सुईवर स्थिर झाला. शिखामॅडमनी आधीच बजावलं होतं, "मोहनजी, ये जादू नहीं है. त्यांना झोप लागेल, हात जरा सैल पडेल. बोलणं येईलच असं मी म्हणणार नाही. डॉक्टरची दवा और स्पीच थेरपी चालू ठेवा."

"हो हो, मॅडम," मोहनराव म्हणाले होते. ऐकलं कोणी?

रविवारी मॅडम स्वतः घरी आल्या. त्यांच्या देखरेखीखाली पहिली सुई मोहनरावांनीच लावायची होती. त्यांनी हात धुतले, मनातल्या मनात गणपतीला हाक मारली आणि वसुधाचं उजवं मनगट धरलं.

तिने डाव्या हाताने त्यांची सुई बाजूला सारली.

"अगं, दुखत नाही. तुझ्यासाठीच तर शिकलो ना!"

तिने मान हलवली. नाही म्हणजे नाही. मोहनरावांचा धीरच सुटला. मॅडम समोर आहेत हेही ते विसरले. "मला तू बोलायला हवीयेस गं. कशीही बोल, भांड माझ्याशी. करमत नाही मला."

वसुधाने त्यांचे डोळे पुसले, पदर नीट हातात येईना म्हणून तळहातानेच. मग पलंगावर थोपटलं. बसा इथे. आणि त्यांच्या ओठांवर बोट ठेवलं. तुम्ही बोला.

"गोष्ट?"

तिने मान डोलावली.

शिखामॅडमनी सुई काढून घेतली आणि त्या खुर्ची ओढून बसल्या.

मोहनरावांनी घसा खाकरला. "एक होती चेटूकशाळा. एके दिवशी काय झालं, नवी पोरं दारात उभी. तेवढ्यात ढगाबाई आली. सुपावर बसून आली." वसुधा शांत डोळ्यांनी बघत होती. "पोरं म्हणाली, बाई, बाई, आम्हाला आत घ्या. तशी ढगाबाई म्हणाली..."

ते अडले. ढगाबाईचं बोलणं वसुधाच बोलायची, नाकातला आवाज काढून. तो त्यांना आयुष्यात कधी जमला नव्हता, आणि आज काढायचाही नव्हता.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आता तुझी पाळी. वसुधाचे ओठ हलू लागले, आवाज नव्हता. ते वाक्य चांगलं लांबलचक होतं. ओठ थांबेपर्यंत मोहनराव थांबले, आणि मग पोरांच्या आवाजात म्हणाले, "बरं, बाई."