खऱ्या संकटासाठी राखून ठेवलेलं

सगळी इमारत ज्यांना विमावाले म्हणायची, त्या गृहस्थांनी उभी हयात लोकांना आग, पूर आणि अपघाताची भीती घालण्यात काढली. निवृत्त झाल्यावर घाबरवायला कुणी उरलं नाही, तेव्हा ते स्वतःलाच घाबरवू लागले. त्यातूनच अन्न सुकवायचं एक यंत्र घरात आलं. कपाटाएवढं धूड. अन्न आधी दगडासारखं गोठवायचं, मग हवा खेचून त्यातलं पाणी उडवून लावायचं. उरेल ते पंचवीस वर्षं टिकतं, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. यंत्राला जागा हवी म्हणून सोफा व्हरांड्यात गेला, आणि पंपाच्या घरघरीपायी घरातली माणसं हातवारे करून बोलू लागली.

"पंचवीस वर्षं?" लेकीकडे राहायला आलेल्या सासूबाईंनी विचारलं. त्या ऐंशी ओलांडून बसल्या होत्या. "मग माझ्या वाटणीचं आजच वाढा, जावईबापू."

पण वाढणार काय? रसाळ पेअर, कोवळे मटार, जे जे उत्तम ते यंत्रातून थेट हवाबंद बरण्यांत जायचं. डागाळलेलं तेवढं ताटात यायचं. भिंतभर फळ्या गच्च भरल्या आणि घरातली माणसं वाळत चालली.

अशात मालवाहू गाड्यांचा संप झाला. दुकानं रिकामी झाली.

"एखादी बरणी काढू या," बायको म्हणाली.

"छे. हा नुसता संप आहे. खरं संकट अजून यायचंय."

"ते काय दारात येऊन ओळखपत्र दाखवणार आहे?"

त्या संध्याकाळी भिंतभर अन्नाचं धनी असलेलं ते कुटुंब शेजारच्या शिंप्याकडे उकडलेले बटाटे खायला गेलं. विमावाल्यांनी दोनदा मागून घेतले, आणि वर शिंप्यालाच भविष्याच्या तरतुदीवर चार शब्द सुनावले.

संप मिटतो न मिटतो तोच रस्त्याखालची मोठी पाइपलाइन फुटली. सगळ्या इमारतीचं पाणी गेलं. विमावाल्यांचा चेहरा उजळला. हेच ते. त्यांनी शिंप्याला सहकुटुंब जेवायला बोलावलं, मटारच्या सुपाची बरणी समारंभाने उघडली आणि हिरवा चुरा पातेल्यात ओतला.

"आता?" बायकोने विचारलं.

"आता काय, गरम पाणी घालायचं."

शिंपी सभ्यपणे छताकडे बघू लागला.

"इतके महिने यंत्र लावून तुम्ही जे उडवलंत," बायको शांतपणे म्हणाली, "तेच आता हवंय."

विमावाले खाली बसले. तोवर सासूबाईंनी पेअरची बरणी उघडून एक फोड तोंडात टाकलीही होती. "अगं, जिभेवरच विरघळतंय. दातांचं काम नाही." त्यांनी बरणी शिंप्याच्या मुलींपुढे सरकवली.

"अहो, ते पंचवीस वर्षांसाठी..." विमावाले पुटपुटले. पंप बंद होता, तरी कुणाला ऐकू गेलं नाही.

शेवटची फोड बायकोने त्यांच्या हातावर ठेवली. आपल्या यंत्रातलं काही ते पहिल्यांदाच चाखत होते. ताज्या पेअरहून ती गोड होती. त्यांनी बरणी उलटी करून बघितली. तळाशी नुसता भुगा उरला होता, आणि त्यांना पहिल्यांदाच खरंखुरं नुकसान झाल्यासारखं वाटलं.

पाणी आलं, यंत्र पुन्हा सुरू झालं. फक्त आता फळीवर काही टिकत नाही. दर रविवारी दोन-तीन बरण्या उघडल्या जातात. विमावाले त्याला साठ्याची तपासणी म्हणतात. तपासनीस म्हणून शिंपी सहकुटुंब येतो, आणि सासूबाईंनी लेकीकडचा मुक्काम वाढवला आहे.