एका यंत्राला दोन पहारेकरी

बाईंनी ‘मूत्रपिंड’ हा शब्द टाइप केला, चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, तेव्हा कुठे पडद्यावर पहिलं ‘मू’ उमटलं. बाकीचा शब्द अजून वाटेत होता.

“मेल्या, तुला काय धाड भरलीय?” त्या कॉम्प्युटरला म्हणाल्या.

“त्याला कशाला बोलतेस?” नवरा खुर्चीतून पेपर न हलवता म्हणाला. “नाचता येईना...”

पुढचं त्याने गिळलं, पण अंगण वाकडं असल्याचं बाईंना न सांगताही कळलं. तळपायाची आग मस्तकात गेली. याच बोटांवर या घराची निम्मी वर्षं चालली होती आणि आता म्हणे नाचता येईना.

बाई तपासणी केंद्राचे अहवाल टाइप करायच्या. डॉक्टर लोक रुग्ण तपासून झाला की फोनमध्ये बोलून ठेवत, ते बोलणं बाईंकडे येई. कानात इअरफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की डॉक्टर बोलणार, सोडलं की गप्प बसणार. जगातल्या इतक्या पुरुषांना पायाने गप्प करता येणारी मी एकटीच, असं त्या हसून सांगत. त्यांच्या कामाचा नियम एकच होता. ऐकू आलं नाही तर अंदाजाने लिहायचं नाही. पुन्हा ऐकायचं, तरी कळलं नाही तर तिथे ‘अस्पष्ट’ लिहायचं.

पण गेले काही महिने ऐकू यायचं चोख आणि उमटायचं भलतंच. अक्षरं उशिरा येत, दोनदा येत, कधी मधलीच गायब होत. काल तर ‘गाठ दिसत नाही’ मधलं ‘नाही’च गेलं. डॉक्टरांच्या नजरेला पडलं म्हणून, नाहीतर एखादी धडधाकट बाई आज रडत बसली असती. आज सकाळी केंद्राच्या व्यवस्थापकाचा फोन आला. माणूस सभ्य होता, म्हणून जास्त लागलं. “बाई, आजचे अहवाल दुपारपर्यंत आणि बिनचूक पाठवा. जमणार नसेल तर तसं सांगा, आम्ही दुसरी सोय करतो.”

घरच्यांनी उपाय केले नाहीत असं नाही. भरपूर केले, पण सगळे बाईंवर. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आधी चष्म्याचा नंबर बदलून आणला. मग बोटांचे सांधे दाखवून झाले. मग मुलाने स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे एका पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी त्यांना घड्याळाचं चित्र काढायला लावलं. बाईंनी काटे, आकडे सगळं जागच्या जागी काढलं. तरी घरी आल्यावर भाजी चिरता चिरता त्या मध्येच थांबायच्या आणि ओट्यावर बोटं चालवून बघायच्या. चालतात ना? की आपल्यालाच चालतात असं वाटतं? ही भीती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

“आई, आता थांब ना,” मुलगा म्हणायचा. “बाळाकडे बघायला आम्हाला कुणीतरी हवंच आहे. तुझाही वेळ जाईल.” वेळ जाईल! जणू बाईंचा वेळ घरात कोपऱ्यात पडून कुजत होता. कॉम्प्युटरबद्दल विचारलं की म्हणायचा, “जागा भरली असेल, फोटो काढून टाक.” बाईंनी बाळाचे सगळे फोटो पेनड्राइव्हवर हलवले. कॉम्प्युटर तसाच रेंगाळत राहिला, फक्त बाळाचं तोंड दिसेनासं झालं.

आज मात्र त्यांनी इअरफोन काढून टेबलावर आपटला. बास झालं. इतकी वर्षं डॉक्टरांचं ऐकतोय, थोडं आपणही करून बघू. डॉक्टर पहिल्यांदा काय विचारतात? दुखणं कधीपासून?

बाईंनी आठवून पाहिलं. सुट्टीत मुलगा आणि जावई दोघंही आले होते, त्यानंतर. त्याआधी मशीन बरं चालत होतं.

दुसरं, दुखतं केव्हा? त्यांनी काय काय चालू आहे ते दाखवणारी यादी उघडली. ती उघडायलाही इतका वेळ लागला की एरवी चहा झाला असता. सगळं शांत होतं. मग त्यांनी अहवालाची फाइल उघडली, आणि दोन नावं टुणकन वर आली. फाइल बंद केली, दोन्ही खाली गेली. पुन्हा उघडली, पुन्हा वर. दोन्ही अँटीव्हायरस. एक मुलाने टाकलेला, हे त्यांना ठाऊक होतं. दुसरा कुणाचा?

बाईंना कितीतरी अहवाल आठवले. म्हातारा रुग्ण, चक्कर येते, तोल जातो. तपासावं तर आजार काहीच नाही. एका डॉक्टरने रक्तदाबाची गोळी दिलेली, दुसऱ्याने त्याच कामाची दुसरी दिलेली, आणि पहिली थांबवा असं कुणीच म्हणालेलं नाही. इथेही तेच. बाईंनी एक फाइल उघडली की पहिला पहारेकरी तिची झडती घेणार. तो तिला हात लावतोय म्हटल्यावर दुसरा संशय घेऊन पुन्हा तपासणार. त्याने तपासली की पहिला परत उठणार. एका म्यानात दोन तलवारी, आणि कापले जात होते बाईंचे शब्द.

त्यांनी दुसऱ्या नावावर बोट ठेवलं आणि काढून टाकायचं बटण शोधलं.

“अगं अगं, ते नको काढूस,” नवरा खुर्चीतून उठला. “ते जावईबापूंचं आहे.”

बाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. या माणसाला टीव्हीचा रिमोट उलटा धरला तरी कळत नसे.

“तुम्हाला कसं माहीत?” बाईंनी विचारलं.

“म्हणजे... सहज. तो म्हणाला होता.”

“कोण तो?”

नवरा पेपरची घडी घालायला लागला. घातलेली घडी उलगडून पुन्हा घालायला लागला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या सुट्टीतल्या शनिवारी मुलाने आपला अँटीव्हायरस टाकला होता. रविवारी जावयाने आपला टाकला, आधीचा आहे की नाही हे न बघता. मुलाच्या ते पुढच्याच आठवड्यात लक्षात आलं होतं. पण जावईबापूंनी टाकलेलं काढायचं कसं? त्यांना काय वाटेल?

“भीड ही भिकेची बहीण,” बाई म्हणाल्या. “पण भीक मला लागली. मला का नाही सांगितलं?”

“सांगणार होतो.” नवऱ्याने खिडकीकडे पाहिलं. “मग पोरगा म्हणाला, राहू दे ना बाबा, त्या निमित्ताने आई काम सोडेल. बाळाचंही होईल. मला वाटलं, तुलाही आराम...”

“मला त्या घड्याळवालीकडे नेलं, तेव्हा तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात.”

“हो.”

“तेव्हाही माहीत होतं?”

नवऱ्याने मान खाली घातली. बाईंना ओरडावंसं वाटलं, पेडल उचलून भिंतीवर फेकावंसं वाटलं. हा माणूस शेजारी बसून पेपर वाचत होता आणि बाई ओट्यावर बोटं चालवून बघत होत्या. सांधे दुखत नसताना त्यांनी तेल चोळून घेतलं होतं, तेही याच्याच हातून.

“तुझ्या भल्यासाठीच केलं गं.”

“माझं भलं करायचं होतं तर मला विचारायचं. तुम्ही बाळासाठी फुकटची बाई शोधत होतात.”

त्यांनी बटण दाबलं. जावईबापू गेले. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, फाइल उघडून पाहिली, बराच फरक होता. मग त्यांनी मुलाचाही काढला. पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ आली, यंत्राचा स्वतःचा पहारा आता सुरू झाला आहे. म्हणजे घरचा पहारेकरी पहिल्यापासून होताच, त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

बाईंनी इअरफोन घातला आणि पेडलवर पाय ठेवला. डॉक्टर बोलू लागले, बोटं धावली, आणि अक्षरं त्यांच्या पावलावर पाऊल टाकून येत गेली. बाईंचे डोळे भरून आले, त्याचाही त्यांना राग आला. दुपार व्हायच्या आत शेवटचा अहवाल गेला. व्यवस्थापकाचं उत्तर आलं, ‘उत्तम. उद्याचे पाठवतो.’

नवरा चहा घेऊन आला. कप टेबलावर ठेवून तिथेच उभा राहिला. त्याला वाटलं असावं, वादळ गेलं.

“बसा,” बाई म्हणाल्या. “मुलाला फोन लावा. स्पीकरवर.”

“आता? काय बोलू?”

“जे झालं ते. मी टाइप करते.”

त्यांनी कोरं पान उघडलं. मुलाने फोन उचलला. नवरा घसा साफ करून बोलायला लागला, आणि तो बोलेल तसं पानावर उमटत गेलं. दोन अँटीव्हायरस होते. तुला माहीत होतं. मलाही तू सांगितलं होतंस. आज तिने दोन्ही काढले. कॉम्प्युटर आता नीट चालतो.

मग तो अडखळला, मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटला.

बाईंनी टाइप केलं, ‘अस्पष्ट’. आणि म्हणाल्या, “परत बोला.”

नवऱ्याने पडद्याकडे पाहिलं. त्या एका शब्दापाशी कर्सरची उभी काडी लुकलुकत त्याची वाट बघत होती.

“तिची बोटं चांगली होती,” तो म्हणाला. “डोकंही चांगलं होतं. आपल्याला माहीत होतं, तरी आपण तिला तपासायला नेलं.”

त्याचं तोंड मिटायच्या आत वाक्य पानावर पूर्ण झालं होतं, एकही अक्षर न गाळता. बाईंनी ‘अस्पष्ट’ पुसलं आणि पूर्णविराम दिला.

“आता तू बोल,” बाई फोनकडे बघत म्हणाल्या, आणि बोटं पुन्हा कीबोर्डवर ठेवली.