पेन्सिलीच्या फुल्या

लाँड्रीच्या वरच्या खोलीत दर शनिवारी चार वाजता फुलीमास्तरांचा वर्ग भरे. मास्तर बँकेतले निवृत्त अधिकारी. निवृत्त झाल्यावर माणसं झाडांना पाणी घालतात, नाहीतर बायकोच्या स्वयंपाकात सुधारणा सुचवतात. मास्तर त्याऐवजी लोकांना फुकट पैशाचे व्यवहार शिकवत. त्यांच्या बायकोला याबद्दल त्यांचा फार आदर होता.

टेलरबाई पहिल्यांदा वर्गाला गेल्या, तेव्हा मास्तरांनी सरळ कबुलीजबाबच दिला. "एकतीस वर्षं मी कागदांवर पेन्सिलीने फुल्या मारल्या. गिऱ्हाईक फुली बघतं आणि सही ठोकतं. चुकून कोणी वाचायला लागलंच, तर मी चहा मागवायचो. चहा आला की वाचन संपतं."

मग हजेरीचा कागद फिरला. त्यावरही फुल्या होत्या. सगळ्यांनी मुकाट्याने सह्या केल्या. मास्तरांनी चष्मा लावून वाचून दाखवलं, "खाली सही करणारे मास्तरांची स्कूटर जन्मभर पाळीपाळीने धुतील."

खोली खो खो हसली. टेलरबाई मात्र कागदावरची आपली सही पुन्हा बघत राहिल्या. सोमवारी त्या धाकट्या दिराच्या कर्जाला जामीन राहणार होत्या. त्याला मालवाहू गाडी घ्यायची होती. "सहीला काय पैसे पडतात?" असं त्यांनीच त्याला ऐटीत सांगितलं होतं. आणि नवरा गेल्यापासून घर चालत होतं ते एका गाळ्यावर आणि दोन शिलाई मशिनांवर.

"मास्तर, माझे कागद बघून द्याल?"

"नाही."

"का हो?"

"मी बघितले की तुम्ही माझ्या भरवशावर सही कराल. म्हणजे मीच फुली झालो. स्वतः वाचा. अडेल तिथे खूण करा. आणि बाई, चहा घेऊ नका."

सोमवारी दीर बँकेच्या तरुण साहेबाला घेऊन गाळ्यात आला. साहेबाने अंगठ्याने पानं सरसर उलटली. "इथे, इथे आणि इथे."

"थांबा, वाचते."

"अहो, नेहमीचंच असतं सगळं."

दिराचा चेहरा पडला. "वहिनी, माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे म्हणून तर वाचतेय, भाऊजी. नसता तर न वाचताच नाही म्हटलं असतं."

पानं चौदा. बाई बोट ठेवून वाचत होत्या, अडेल तिथे टाचणी टोचत होत्या. तिसऱ्या पानावर साहेबाने चहा मागवला. बाईंनी आपल्या कपावर बशी पालथी घातली. नवव्या पानावर बोट थांबलं.

"हे वाचा, भाऊजी. मोठ्याने."

"कर्जदार यापुढे जी कर्जे घेईल, त्यांनाही जामीनदार जबाबदार राहील, व त्यासाठी जामीनदाराचा गाळा..." पुढचा 'तारण' हा शब्द दिराने वहिनीकडे बघत वाचला. "आईशपथ वहिनी, मला माहीत नव्हतं."

"तुम्ही सही केलीत ना यावर?"

"फुली होती, केली," दीर म्हणाला.

साहेब घाम पुसत म्हणाला, "हे तुम्हाला शिकवलं कोणी?"

"लाँड्रीवर वर्ग असतो. तुमच्याच बँकेतले होते. कानावर पेन्सिल असते."

"फुली कुठे मारायची ते मला त्यांनीच शिकवलं," साहेब म्हणाला, आणि इतक्या हरवलेल्या आवाजात म्हणाला, की बाईंनी बशी उचलून आपला चहा त्याच्यापुढे सरकवला.

"या गाडीच्या कर्जापुरती मी जामीन," त्या म्हणाल्या. "गाळा काढा, 'यापुढे' काढा, नव्याने लिहून आणा. मी परत वाचेन."

गुरुवारी कागद आले. नऊच पानं. बाईंनी नऊही वाचली, फुल्या खोडल्या आणि मग सह्या केल्या. गाडी आली.

शनिवारी दीर वर्गात पहिल्या रांगेत. नव्या लोकांसाठी तोच हजेरीचा कागद फिरला. त्याच्याजवळ तो इतका वेळ अडकला, की मागचे कुरकुरायला लागले.

रविवारी सकाळी मास्तरांच्या दारात नवी गाडी उभी, आणि दीर बादली घेऊन स्कूटर धुतोय.

"अहो, तो कागद नुसता शिकवण्यापुरता होता!" मास्तर खिडकीतून ओरडले.

"माहीत आहे," दीर चाक घासत म्हणाला. "मी वाचून सही केलीय."