पाइप कापण्याआधी

प्लंबरच्या लहान आतड्यातली कॅन्सरची गाठ काढून टाकली, ती पसरली नव्हती आणि माणूस ठणठणीत आहे. आता हे वाक्य कुणी वाचलंच नाही असं समजूया. कारण ऑपरेशनच्या सकाळी प्लंबरची पाचावर धारण बसली होती.

"पोट फाडायचं नाही," सर्जनबाईंनी समजावलं. "चार बारीक भोकं, एकातून दुर्बीण. पसरलेलं नसेल, तर गाठीसकट तुकडा कापायचा आणि टोकं जोडायची."

"आणि पसरलेलं असेल तर?"

"तर आज काहीच कापायचं नाही. बघून बाहेर."

भिंत न फोडता काम, हे प्लंबरला पटलं. पण मेन व्हॉल्व्ह बंद करायचं कुणी नावच काढेना! तो बंद केल्याशिवाय त्याने जन्मात पाइपला करवत लावली नव्हती. हॉस्पिटलचे नळ त्यानेच जोडलेले. मागून उघडा गाऊन सावरत तो तळघराकडे निघाला.

"अहो, मागून सगळं दिसतंय!" बायको ओरडली.

"मग पुढून बघ."

थोड्या वेळाने सर्जनबाई कोपरापर्यंत फेस लावून उभ्या असताना नळ खाकरला आणि त्याने मान टाकली.

"प्लंबरला बोलवा!"

"तो टेबलावर आहे," नर्स म्हणाली.

"झोपवला?"

"नाही, भूल देणाऱ्यांची सुई अजून हातातच आहे."

बाई फेसासकट आत आल्या. "काका, पाणी तुम्ही बंद केलंत?"

"पाइप कापायचा म्हटल्यावर... आत पूर आला म्हणजे?"

"आम्ही चिमटे लावतो. दोन्हीकडून."

"दोन्हीकडून?" प्लंबरचा जीव भांड्यात पडला. "मग आधी सांगायचं ना! तळघरात जिन्याखाली लाल चाक आहे. हळू फिरवा, वायसर जुना आहे."

पाणी आलं, सुई टोचली, प्लंबर झोपला. डोळे उघडताच त्याने बायकोचा हात धरला. "कापलं का गं?"

"कापलं हो, कापलं!"

पाइप कापला म्हणून ढसाढसा रडणारा हा जगातला पहिलाच प्लंबर.

पुढे तुकड्याचा रिपोर्टही चांगला आला. "तरी तपासणीला येत राहा," बाई म्हणाल्या. "परत होणारच नाही, असं कुणी लिहून देऊ शकत नाही."

लिहून देत नाहीत? त्याने तिथेच बायकोकडून पेन मागून घेतलं.

"मा. वैद्यकीय अधीक्षक यांस, सदर जोडकामास आजन्म लेखी गॅरंटी मिळावी, आणि मुदतीत बिघाड झाल्यास अर्जदार संपूर्णपणे नवीन बदलून, घरपोच मिळावा, ही नम्र विनंती."