मागच्या रांगेतला चेहरा

त्या रविवारी मारुतीच्या सभामंडपात मुंगी शिरायला जागा नव्हती. एरवी ग्रामसभेला पंधरा माणसं जमवताना सरपंचाच्या तोंडाला फेस येतो. आज मात्र शेजारच्या किन्हीराजाहूनही लोक मोटारसायकली काढून आले होते. कारण गावात छायानंद महाराज आले होते, आणि छायानंद महाराजांना फोटोत भुतं दिसत.

भजनी मंडळाच्या टेबलावर पंचावन्न इंची टीव्ही मांडला होता. लोकांनी पाठवलेला फोटो महाराजांच्या मोबाइलवरून टीव्हीवर यायचा. मग महाराज दोन बोटांनी एकेकाचं तोंड ताणून मोठं करायचे. तोंड स्वच्छ दिसलं तर "निर्मळ!" आणि तोंडाचे तुकडे झाले तर महाराज डोळे मिटून म्हणायचे, "बाधा." सभामंडप शहारून जायचा.

"आँख धोका देती है बच्चा, कॅमेरा धोका नहीं देता!" महाराजांची हिंदी आणि वऱ्हाडी एकाच ताटात वाढलेली असे. "साऱ्या घरादाराचा एकच फोटो पायजे. दुरून काढा, छपरापासून अंगनापर्यंत वास्तू आली पायजे. व्हॉट्सअॅपवरच पाठवा. आन् ते एचडीचं बटन दाबू नका! एचडी दाबलं का बाधा सावध होते, लपून बसते. फोटो पाठवला का तुमच्या मोबाइलातून पुसून टाका."

लोक माना डोलवत होते. भुतं पिंपळावर राहतात हे गावाला ठाऊक होतं. ती मोबाइलची बटणंही ओळखतात, हे त्या दिवशी समजलं.

जगदेवरावांच्या घरचा फोटो लागला. पुढे खुर्च्यांवर जगदेवराव आणि पंचफुलाबाई, त्यांच्यामागे मुलगा प्रज्वल, आणि पार मागे, गोठ्याच्या खांबाजवळ, कपाळापर्यंत पदर ओढून त्यांची सून योगिनी. तिला तिथे कोणी उभं केलं नव्हतं. बारसं असो की पोळा, फोटो निघताना सुना आपोआप मागे सरकतात. कोणी पुढे ये म्हणत नाही, आणि कोणी म्हणत नाही हे कोणाला खटकतही नाही.

महाराजांनी ते मागचं तोंड ताणलं. टीव्हीभर चौकोनच चौकोन पसरले. डोळ्यांच्या जागी दोन तपकिरी डाग, नाक नाही, ओठ नाहीत. "आवं माय!" बायका ओरडल्या. शेजारी बसलेली बाई आपल्या पोरीला ओढून योगिनीपासून लांब सरकली.

योगिनी उठून उभी राहिली. "महाराज, तो फोटो लहान झाला हाये म्हनून तसं दिसून राह्यलं. मूळ फोटो पाहा ना."

"बोलली!" महाराजांनी टाळी वाजवली. "पाह्यलं? बाधा बोलली!"

झालं. त्या क्षणापासून योगिनीचा शब्द योगिनीचा राहिला नाही.

निकाल लागला: गुरुवारी महाराजांची गाडी येईल, सुनेला अकरा दिवस मठात ठेवायचं, रोज मिरच्यांची धुरी द्यायची. मागच्या महिन्यात कमलीबाईची सून संगीता अशीच मठात गेली होती. परत आली तेव्हा तिचे ओठ फुटले होते, आणि आता तिला हाक मारली तर ती वळूनही बघत नाही. गाव म्हणतं, "पाह्य कशी शांत झाली."

योगिनीला सोयाबीनच्या पोत्यांच्या खोलीत ठेवलं. दाराला बाहेरून कडी, चौकटीला बिबा आणि लिंबू, आणि मोबाइल सासूच्या ट्रंकेत. कडी लावताना पंचफुलाबाई स्वतः रडत होत्या. "तुह्याच भल्यासाठी हाये वं माय," त्या म्हणाल्या, आणि कडी नीट बसली का ते ओढून पाहिलं.

खोलीला वीतभर झरोका होता. पोत्यांची धूळ घशात जायची. पण कोंडणं खोलीचं नव्हतं, ते बोलण्याचं होतं. योगिनी ओरडली तर बाधा ओरडते. गप्प बसली तर बाधा रुसली. जेवली नाही तर बाधेला अन्न चालत नाही, आणि पोटभर जेवली तर बघा, दोघींचं जेवते! बाहेर जायला शहाणपणाची एकही वाट उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या मनात येऊन गेलं, खरंच काही असेल का माझ्यात? त्या विचाराचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

लग्नाआधी योगिनी दोन वर्षं मंगरूळपीरला ऑनलाइन अर्ज भरण्याच्या केंद्रात कामाला होती. फोटो पन्नास केबीच्या आत बसवून बसवून तिची बोटं झिजली होती. एकदा घाईत तिने एका मुलीचा फोटो गरजेपेक्षा बारीक केला आणि तोच पुन्हा ताणून मोठा केला. अर्ज परत आला: चेहरा ओळखू येत नाही. तेव्हाच धडा मिळाला होता. दळलेल्या ज्वारीचे पुन्हा दाणे होत नाहीत.

संध्याकाळी प्रज्वल दाराशी आला.

"अहो, तो फोटो हाये ना तुमच्या मोबाइलात?"

"पुसला. महाराज म्हनले होते पुसा म्हनून."

"पाच वर्षं झाली आपल्या लग्नाले. तुमाले काय वाटते, मी बाधिक हाये?"

प्रज्वलने कडीवर हात ठेवला, पुन्हा काढला. मग म्हणाला, "माह्या वाटन्यानं काय होते?" आणि गेला. योगिनीला त्याचा इतका राग आला की रडू आटून गेलं.

बुधवारी सकाळी चहाचा कप घेऊन सासरे आले. जगदेवराव बाजार समितीत नावाजलेले किटकिटे गृहस्थ. व्यापाऱ्याने सोयाबीनची ओल चौदा टक्के सांगितली की ते तेच पोतं दुसऱ्या दुकानातल्या यंत्रावर घेऊन जाणार. योगिनीने दाराच्या फटीला तोंड लावलं.

"मामाजी, सोयाबीनची ओल तुमी एकाच मशीनवर मानता काय?"

"कायले मानीन? मशीनच खराब असली तं?"

"मंग मशीन खराब हाये का माल, हे कसं पाहता?"

"दुसरा माल त्याच मशीनवर टाकतो. कोरड्यालेबी चौदाच दाखवलं, का समजलं."

"मंग मलेच काहून एका मशीनवर मानलं? माह्या जागेवर दुसरं मानूस उभं करून पाहा ना. फोटो तसाच, जागा तेच, मानूस दुसरं."

 चहा निवत होता. शेवटी जगदेवरावांनी दार किलकिलं करून कप आत सरकवला, पुन्हा कडी लावली आणि ते खाकरून म्हणाले, "महाराजाईनं नेन्याच्या आधी ताजा फोटो मांगितलाच हाये."

दुपारी योगिनीला दहा मिनिटं बाहेर काढलं. उन्हाने तिचे डोळे दिपले. जागा जगदेवरावांनी ठरवल्या. "पंचफुला, तू मांगं जाय, खांबाजवळ. सूनबाई, इथं खुर्चीवर बस."

"मी मांगं? काहून?"

"मी म्हनतो म्हनून."

पंचफुलाबाई पदर सावरत, पुटपुटत मागे गेल्या. प्रज्वलने अंगणाच्या त्याच टोकावरून फोटो काढला. महाराजांचे नियम पाळून साधाच पाठवला, एचडीचं बटण न दाबता. "या खेपी पुसू नको," जगदेवराव त्याला हळूच म्हणाले. कडी पुन्हा लागली.

गुरुवारी अंगण गच्च भरलं. योगिनीला दिसत काहीच नव्हतं. दाराखालच्या फटीतून लोकांच्या चपला आणि गाडीचं एक चाक, एवढंच. ओट्यावर टीव्ही ठेवल्याचा आवाज आला. मग महाराजांचा खर्जातला सूर.

"ताजी छाया देखो! पुढचे नंतर पाहू, आधी बाधा!" सवयीची बोटं सरळ मागच्या टोकाला गेली असावीत, कारण लगेच बायकांचा आवाज उठला. "देखा? रविवारी थोडंतरी तोंड होतं. आता डोळेबी खाल्ले तिनं! अकरा दिवसानं नाही भागत, एकवीस लागतील!"

 एकवीस दिवस. मामाजी बोलले नाहीत तर? आयत्या वेळी घाबरले तर? प्रज्वलसारखे?

"महाराज," जगदेवरावांचा आवाज आला, "नक्की ना? बाधा त्याच तोंडात हाये ना?"

"शंभर टक्के! सुनेचं तोंडच राह्यलं नाही!"

"ते माही सून नाही, महाराज. ते माही बायको होय."

 मग पंचफुलाबाई किंचाळल्या, "अवं माय! मी? मले कायची बाधा?"

कडी निघाली. जगदेवरावांनी प्रज्वलचा मोबाइल योगिनीच्या हातात दिला. "सांग लोकाईले."

तिने तोच फोटो महाराजांच्या मोबाइलवर पुन्हा पाठवला; या वेळी फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे मूळ मापात. मग महाराजांचा मोबाइल घेऊन तो उघडला; टीव्हीवर तोच खांब, तीच रांग. तिने मागचं तोंड मोठं केलं. थोडं धूसर, पण डोळे होते, नाक होतं, आणि पंचफुलाबाईंच्या कपाळावरचं हिरवं गोंदणही होतं.

"मोबाइलात फोटो चार हजार ठिपक्याईचा रुंद असते," योगिनी म्हणाली.  "साधा पाठवला का लवकर पोहोचावा म्हनून तो लहान होते, सोळाशे ठिपके राहतात. त्यातबी घर, छप्पर, अंगन. पुढं बसलेल्याच्या तोंडाले साठ ठिपके भेटतात, मांगच्याले पंधरा. पंधरा ठिपक्यात डोळे कुठून येतील? मोबाइलवर पाहासाठी लहान फोटो चालते, अर्जाले तं लहानच लागते. पन मोठा करून पाहाचा असन तं मूळ मापाचाच पाठवा लागते. महाराजाईले हे पक्कं ठाऊक हाये. म्हनून तं दुरून काढा, एचडी नको, आन् मूळ फोटो पुसा. आन् मांगं कोन असते? दर घरी सूनच."

महाराज "यह कलियुग का..." असं काहीसं म्हणत गाडीकडे सरकले. पण गाडीपुढे आता मोटारसायकली आडव्या लागल्या होत्या, आणि सरपंचाने पोलिसांना फोन लावला होता. पुढे चौकशीत निघालं की महाराज पूर्वी लग्नांचे अल्बम बनवत. फोटो कुठवर ताणला की फाटतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. गावाला ते विचारावंसं वाटलं नव्हतं, एवढंच.

पंचफुलाबाई हात पुढे करत आल्या. "चुकलं वं माय. तुले काही नव्हतंच. तू शिकलेली म्हनून सुटली बाप्पा."

योगिनीने त्यांचा हात धरला नाही, झिडकारलाही नाही.

"आत्याबाई, मी फोटोचं माप शिकले नसते तं मंग मी बाधिकच होते का? संगीताले हे सांगता नाही आलं. म्हनून तिच्यात भूत होतं का?" ती लोकांकडे वळली. "उद्या आनखी कोनी येईन. फोटो नाही आनन, तांदूळ आनन, पानी आनन. त्याची युक्ती तुमाले नाहीबी समजली, तरी चालन. पन समजली नाही म्हनून ते खरी होत नाही. ज्यानं बोट दाखवलं, पुरावा त्याले मांगा. जिच्याकडे दाखवलं, तिले नका मांगू."

 प्रज्वल खाली बघत होता. योगिनी त्याला म्हणाली, "महाराजानं तं फक्त फोटो तानला. कडी घरच्याईनं लावली."