कानाने चालवायची गाडी

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते, एवीतेवी त्याला ते ऐकू येत नाही. झुलाल. पारोळ्याला धुळे रस्त्यावर तोतारामबरोबर भागीत त्याचं मोटारसायकलचं गॅरेज होतं, आणि वर्षातून एकदा धुळ्याच्या माळावर मातीतल्या शर्यती भरायच्या, त्यात तो आपली टू-स्ट्रोक गाडी पळवायचा. दोन वर्षं ओळीने दुसरा आला होता. आमच्या घरात देवांपेक्षा त्या दोन कपांना जास्त पुसलं जायचं, आणि पुसताना तो पहिल्या आलेल्याला शिव्या घालायचा.

कान त्या गाडीनेच खाल्ले. सायलेन्सरच्या आतली जाळी काढून टाकली की गाडी जास्त पळते, हे आमच्याकडच्या यच्चयावत पोरांचं शास्त्र. झुलालने लग्नाआधीपासून तशीच गाडी दामटली. गल्लीतली म्हातारी माणसं कानात बोटं घालायची, याने कधी घातली नाहीत. नव्वद सालच्या दिवाळीत मी पाठीमागून चहाला हाका मारून दमले आणि हा आपला चेन पुसतोय. जळगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, उरलंय तेही वर्षभरात जाईल. बाहेर येऊन हा म्हणतो, "डॉक्टर येडा शे. माले बठ्ठं आयकू येस."

"काय आयकू येस, सांगा बरं?" मी मुद्दाम हळू विचारलं.

"हां, चाल, यष्टी निघी जाई," तो म्हणाला. हसावं की रडावं ते मला कळेना.

टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक यांतला फरक मला हळदीबरोबरच लागला म्हणा. बुलेट ही फोर-स्ट्रोक. ती बैलासारखी खालून ओढते. वळण आलं की अ‍ॅक्सिलरेटरची मूठ सोडायची, इंजिनच वेग आवरतं. मग हळूहळू मूठ पिळत मोठ्या घेराने बाहेर पडायचं. तिचा एकेक ठोका मांड्यांना कळतो. टू-स्ट्रोकचं सगळं उलटं. खालच्या वेगात तिच्यात दम नसतो, आणि इंजिन चढलं की अंगात आल्यासारखी सुटते. ते अंगातलं उतरू द्यायचं नाही. ब्रेक अगदी उशिरा मारायचा, दोन बोटांनी क्लच अर्धा धरून इंजिन चढतं ठेवायचं, आवाज जरा वरच्या पट्टीत गेला की लगेच गिअर टाकायचा. तोताराम म्हणायचा, "फोर-स्ट्रोक बूडघाई चालाडतस भाऊ, टू-स्ट्रोक कानघाई." एक बुडाने चालवायची, दुसरी कानाने.

म्हणून तोड त्यानेच काढली. साडूची जुनी बुलेट आणली, मडगार्ड-बिडगार्ड उतरवून हलकी केली आणि झुलालला नदीच्या कोरड्या पात्रात फिरवायला लावली. मी काठावर बसून बघत होते. आधी त्याने तीही टू-स्ट्रोकसारखीच हाणली. वळणात घुसायचा, क्लच ओढायचा, की ती जड गाडी वाळूत रुतून बसायची. मग वैतागून मूठ सोडली, गाडीला तिच्या चालीने जाऊ दिलं, आणि काय सुरेख वळली ती! कानांची गरजच पडली नाही. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

"हाईच गाडी ल्या," मी त्याच्या तोंडासमोर उभी राहून म्हटलं.

"ह्या गाडीवर चवथा येसू."

"मंग?"

"चवथा येवाकरता मी कसाले जाऊ?" तो खाली बघत म्हणाला. "यंदा थोडा तरी कान शेतस. पुढला सालले तेबी नहीत."

एवढं एकदाच त्याने कबूल केलं. आणि ते खरं होतं. पहिला येण्यासाठी त्याच्याकडे एकच साल उरलं होतं, आणि पहिला आणणारी गाडी त्याला ऐकू येत नव्हती.

शर्यतीच्या दिवशी मी माळावर गेले. आजवर कधी गेले नव्हते. स्वतःचा नवरा मातीत लोळताना बघायला धुळ्यापर्यंत कशाला जायचं, असं माझं म्हणणं. तोतारामने मला मोठ्या उडीनंतरच्या वळणावर, दोरीपाशी उभं केलं. झुलाल झकास निघाला, खोटं कशाला बोलू. बाभळीपाशी एक गिअर, पांढऱ्या दगडापाशी दुसरा, असं आवाजावाचून त्याने सगळं पाठ करून ठेवलं होतं. तिसऱ्याचा दुसरा झाला, दुसऱ्याचा पहिला झाला. लोक त्याच्या नावाने ओरडत होते आणि मला, हो मलासुद्धा, अभिमान वाटत होता.

मग आवाज बदलला. उडीवरून आपटून आपटून कार्ब्युरेटरची क्लिप ढिली झाली असणार, इंजिन पेट्रोल कमी आणि हवाच जास्त ओढायला लागलं. टू-स्ट्रोकला तेल मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेलंच, म्हणजे तेलही तुटलं. आवाज कोरडा, किरटा झाला. मला कळलं, तोतारामला कळलं. कान असलेल्या कुणीही तिथल्या तिथे क्लच दाबून मूठ सोडली असती.

झुलाल फेरी मारून आमच्या वळणावर आला. मी दोरीखालून वाकून पुढे गेले आणि दोन्ही हात हलवत बेंबीच्या देठापासून ओरडले, "क्लच दाबा! थांबा!" तोताराम ओरडला. आमचं बघून आजूबाजूचे सगळे ओरडायला लागले. झुलालने आमच्याकडे पाहिलं. मला पाहिलं. आणि तो हसला, मातीने भरलेल्या तोंडाने, आणि त्याने मूठ आणखी पिळली.

इंजिन जाम झालं. मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि तो गाडीच्या पुढे जाऊन पडला. मागून येणाऱ्या गाडीवाल्याचा तरी काय इलाज होता!

धुळ्याच्या दवाखान्यात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला. डोक्यालाही मार होता. थोडंफार ऐकू यायचं तेही त्यात गेलं. शुद्धीवर आल्यावर त्याने पायाचं विचारलं नाही, नंबराचं विचारलं नाही. माझा हात धरला आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तू बी वरडी ऱ्हायनी व्हती. मी दखं. कधी इनी नही तू, आनि त्या दिन मनासाठे वरडी ऱ्हायनी व्हती. म्हनीसन मी अजून पिळी."

शेजारच्या खाटेपाशी बसलेली बाई कौतुकाने माझ्याकडे बघायला लागली. मला उठून बाहेर पळून जावंसं वाटलं. मी थांबा म्हणून ओरडत होते, हे सांगायला त्याच्या कानाशी किंचाळावं लागलं असतं, आणि तरी ते पोचलं नसतं. ज्याचा पाय गेला त्याच्याकडे आता तेवढंच उरलं होतं.

"हो," मी म्हटलं. तेही त्याला ऐकू आलं नाही, म्हणून मान हलवली.